शाईच्या घाण्याचे शनिवार

मी एक जुना घाणा आहे. तेलाचा नव्हे, शाईचा. जन्माने तेलाचाच, पण ते पुढे सांगतो. वालेन्सिया शहरातल्या एका अरुंद गल्लीत मी उभा राहिलो, तेव्हा साऱ्या स्पेनमध्ये माझ्यासारखे बोटांवर मोजण्याइतके होते. सगळ्यांत पहिला छापखाना सेगोव्हियाचा की वालेन्सियाचा, यावर लोक तेव्हाही भांडत. मला त्या भांडणात रस नाही. मी पहिला नव्हतो, आणि म्हातारपणी खोटे बोलण्याची मला हौस नाही. मित्रांनो, मला तुम्हांला एकाच आठवड्याची हकीकत सांगायची आहे. त्या आठवड्यात मी एक दिवस गप्प राहिलो, आणि त्यापायी एका निरपराध बाईचा जीव जाण्याची वेळ आली.

माझ्या मधोमध एक जाडजूड मळसूत्र आहे. दांडा ओढला की ते फिरते, खाली उतरते आणि कागदावर दाब पडतो. हे मळसूत्र मूळचे एका डोंगरगावातल्या ऑलिव्हच्या घाण्यातले. तिथे तीस वर्षे ते तेल पीत उभे होते. बेर्तोमेउ मेस्त्रीने ते तिथून उचलून आणले. "नवं लाकूड रुसतं. तेल प्यालेलं लाकूड रुसत नाही," असे तो म्हणे. त्याच्याबरोबर कुन्झ नावाचा एक जर्मन होता. अक्षरांचे साचे पाठीवर घेऊन तो डोंगर ओलांडून आला होता. छपाईचे खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरे, ओतायची विद्या त्याच्या मुलखातली, कागद आमच्या शेजारच्या शातिवा गावचा आणि दाब शेतकऱ्याचा. असा तीन ठिकाणचा मिळून मी एक झालो.

सुरुवातीचे दिवस कौतुकाचे होते. मोठ्या चर्चमधला एक वृद्ध पाद्री एकदा पान हातात घेऊन कितीतरी वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "फारच वळणदार हात आहे. कोण लेखनिक हा?" कुन्झने माझ्या खांबावर थाप मारली आणि म्हणाला, "हा, फादर. जेवत नाही, आणि दुपारी झोपतही नाही." त्या दिवशी मला माझ्या लाकडी अंगाचा फार अभिमान वाटला.

पुढे साथीत बेर्तोमेउ मेस्त्री गेला. त्याची बायको दामियाता मागे उरली. लोकांना वाटले, आता ही मला मोडीत काढील. पण ती नवऱ्यापेक्षा झपाट्याने खिळे जुळवीत असे. तिच्या बोटांना प्रत्येक अक्षराचे घर माहीत होते. ती जुळवी, कुन्झ शाई लावी आणि दांडा ओढी. प्रार्थनेची पुस्तके, पंचांगे, मुलांची अक्षरओळख, जे येईल ते आम्ही छापले.

दामियाताचे आजोबा यहुदी होते. यहुद्यांविरुद्ध दंगल झाली त्या वर्षी जीव वाचवायला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तिचे वडील ख्रिस्ती म्हणूनच जन्मले, तीही ख्रिस्तीच जन्मली. पण गल्लीत भांडण झाले की "बाटग्याची नात" हा शब्द ठेवलेलाच असे. तोवर तो नुसता शब्द होता. मग शहरात धर्मचौकशीचा नवा दरबार आला, आणि एका रविवारी चर्चमध्ये यादी वाचून दाखवली गेली. वरून ख्रिस्ती आणि आतून यहुदी असलेला माणूस कसा ओळखावा, याची ती यादी होती. तो शनिवारी काम करत नाही. शुक्रवारी सूर्य मावळला की कामाला हात लावत नाही. शनिवारसाठी मेजावर धुतलेले पांढरे फडके अंथरतो. डुकराच्या चरबीऐवजी तेल वापरतो. अशी एखादी खूण दिसली तर येऊन सांगा. न सांगणाराही पापी ठरेल. त्या यादीतल्या खुणांवरून पकडलेली काही माणसे पुढे चौकात जाळली गेली. त्या रविवारनंतर आमच्या गल्लीतल्या प्रत्येक भिंतीला खरोखरच कान फुटले.

सोमवारी कुन्झ तेलाची कुपी घेऊन आला, तेव्हा दामियाताने त्याचा हात धरला.

"आजपासून याला तेल नको."

"अहो बाई, हा ओरडेल."

"ओरडू दे. शनिवारी तर गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू गेलं पाहिजे."

"मग चरबी लावतो. चरबीवर कोण बोट ठेवणार आहे?"

"कुन्झ, तुम्हांला कळत कसं नाही? चरबीनंही आवाज बंदच होतो. मला आवाज हवाय."

कुन्झने कुपी परत फळीवर ठेवली आणि आपल्या भाषेत काहीतरी पुटपुटला.

मित्रांनो, तेव्हापासून मी ओरडू लागलो. दांडा ओढला की माझ्या मळसूत्रातून असा आवाज निघे की रस्त्यावरचे गाढव बिचकावे. ज्या शनिवारी छापायला काही नसे, त्या शनिवारीही कुन्झ दिवसभर मला रिकामाच ओढी. कागद नाही, शाई नाही, नुसता दांडा. "जगातला पहिला छापखाना, जो हवा छापतो," असे तो म्हणे आणि घाम पुसे. मला त्याचे हसू येत नसे. कोरडे लाकूड लाकडावर घासते तेव्हा काय होते, ते ज्याचे त्यालाच कळते.

आमच्या भिंतीला लागून ब्रिगिदा राहत असे. तिचा नवरा वेशीवरचा पहारेकरी. रात्रभर जागायचा आणि दिवसा झोपायचा, म्हणजे झोपायचा प्रयत्न करायचा. ब्रिगिदा दर शनिवारी भिंतीवर लाटणे आपटी.

"ए जर्मन बैला! तुझा तो शाईचा घाणा मेला का नाही अजून?"

"अजून धडधाकट आहे, बाई!" कुन्झ ओरडून उत्तर देई.

तिच्या प्रत्येक शिवीबरोबर दामियाताच्या खांद्यावरचा ताण थोडा उतरे. शिवी आली म्हणजे आवाज पोचला.

आता कागद ओलवण्याबद्दल सांगतो, कारण पुढे सारे त्यावरच येऊन ठेपणार आहे. कोरडा कागद शाई नीट घेत नाही. म्हणून आदल्या संध्याकाळी ताव पाण्यातून काढायचे, एकावर एक रचायचे, धुतलेले फडके झाकायचे, वर फळी आणि धोंडा ठेवायचा. सकाळपर्यंत ओल सारखी मुरते. पण असा गठ्ठा दुसऱ्या दिवशी छापलाच पाहिजे. राहिला तर त्याला बुरशी धरते. ज्याला उद्या काम करायचे नाही, तो आज कागद ओला करत नाही.

दर शुक्रवारी सूर्य मावळे, चर्चमध्ये सांजप्रार्थनेची, आवे मारियाची, घंटा होई, आणि त्यानंतरच दामियाता बादल्या उचलून विहिरीवर जाई. लोकांनी बघावे म्हणून मुद्दाम उशिरा जाई. पण निघण्याआधी उंबऱ्याशी तिचे पाऊल थबके. एक श्वास, जास्त नाही. मग ती जाई. ती का थबके, ते मी कधी विचारले नाही. लाकडाने विचारायचे नसते.

अशी दोन वर्षे गेली. सप्टेंबरातला तो शुक्रवार फार उकाड्याचा होता. विहिरीवर दामियाताच्या तीन बादल्या रांगेत होत्या, आणि मागे ब्रिगिदा एक घागर घेऊन उभी. तिचे बोलणे मला आत ऐकू येत होते. साऱ्या गल्लीलाच येत होते.

"तुझ्या कागदांना एवढी तहान लागते होय? आणि माझा नवरा कोरड्या घशानं पहाऱ्याला जाणार!"

"ही शेवटची बादली, ब्रिगिदा."

"शेवटची शेवटची म्हणत तीन भरल्यास! विहीर काय तुझ्या सासऱ्यानं खणली?"

दामियाता बादल्या घेऊन परत आली. तिने आणि कुन्झने अडीचशे ताव ओले केले आणि झाकून ठेवले.

शनिवारी सकाळी कुन्झने शाई लावली, पहिला ताव ठेवला, हातांवर थुंकून दांडा धरला आणि ओढला. माझ्या पोटात कडाड असा आवाज झाला. मळसूत्र उभे तडकले होते. त्याने पुन्हा ओढले. मी हललो नाही. मला हलायचे होते, मला ओरडायचे होते, पण माझ्यातून साधी किरकिरसुद्धा निघेना.

कुन्झ सुताराकडे धावला आणि हात हलवत परत आला. द्राक्षांचा हंगाम होता. शहरातले झाडून सारे सुतार गावोगावचे द्राक्षांचे घाणे दुरुस्त करायला गेले होते. सोमवारच्या आत कोणी मिळणार नव्हता.

"शनिवार आहे, कुन्झ," दामियाता म्हणाली. तिचा चेहरा कागदासारखा झाला होता.

कुन्झने इकडेतिकडे पाहिले. मग तो मागच्या दाराकडे गेला आणि ते गंजक्या बिजागरीवर पुढेमागे हलवू लागला. कुई, कुई. हा एवढा मोठा माणूस, आणि दाराशी लहान मुलासारखा खेळत होता. मला रडू येत होते.

"थांबवा ते," दामियाता म्हणाली. "दोन वर्षं ती हा आवाज ऐकतेय. तिला दार आणि घाणा यांतला फरक कळत नाही असं वाटतं तुम्हांला?"

कुन्झने दार सोडले. भिंतीपलीकडून लाटणे आले नाही. त्या लाटण्याची वाट मी आयुष्यात पहिल्यांदाच पाहिली.

रविवारी काम वर्ज्य. सोमवारी सुतार आला आणि मळसूत्राला लोखंडी पट्टी ठोकून गेला. मी पुन्हा ओरडू लागलो, पण वेळ निघून गेली होती. गल्लीच्या भट्टीवर पाव भाजायला बायका जमल्या होत्या, आणि तिथे ब्रिगिदा सगळ्यांना सांगत होती, "या शनिवारी देव पावला गं! छापखान्याचा आवाज नाही. नुसतं कोणीतरी दार हलवत बसलं होतं. माझा नवरा पोटभर झोपला." तिच्या मनात पाप नव्हते. तिला फक्त नवऱ्याच्या झोपेचा आनंद झाला होता. पण भट्टीवर कान फक्त बायकांचेच नव्हते.

त्याच सोमवारी दामियाताने कागदाच्या गठ्ठ्यावरचे फडके उचलले. कडांना काळे-हिरवे ठिपके धरले होते. कुन्झ ते ताव फेकायला निघाला. ती म्हणाली, "राहू द्या," आणि तेच फडके पुन्हा झाकले.

बुधवारी दुपारी दार वाजले. दरबाराचे फादर उगेत आले होते. सोबत दौत-लेखणी घेतलेला एक कारकून आणि बाहेर दोन शिपाई. फादर उगेत हळू बोलत. ओरडणाऱ्या माणसाची मला भीती वाटत नाही. मी स्वतःच ओरडणारा. पण त्या हळू आवाजाची वाटली.

"शनिवारी या घरात काम बंद होतं, असं कानावर आलं."

"हे मोडलं होतं, फादर," कुन्झ पुढे झाला. "हा बघा तडा."

फादरनी तड्यावरून बोट फिरवले. "ही पट्टी कधीची?"

"सोमवारची."

"मग तडाही सोमवारचा असू शकेल. लाकूड काही तारीख सांगत नाही."

मी सांगत होतो! माझ्या प्रत्येक शिरेतून मी सांगत होतो, शनिवार, शनिवार. पण कारकुनाच्या लेखणीला ते ऐकू गेले नाही. ती फादरचे शब्द लिहीत राहिली.

"शाल घ्या, बाई," फादर म्हणाले. "आपण चालत जाऊ. फार लांब नाही."

त्या वाटेने गेलेली माणसे आमच्या गल्लीला माहीत होती. परत आलेली माहीत नव्हती. दामियाताने शाल घेतली. मग ती दाराकडे न जाता कागदाच्या गठ्ठ्याकडे गेली.

"निघण्याआधी एवढं बघा, फादर."

तिने फडके उचलले. कुबट वास पसरला आणि फादरना एकामागून एक तीन शिंका आल्या. ते डोळे पुसून म्हणाले, "इतकं पांढरं, धुतलेलं फडकं? कशासाठी काढलं होतं?"

दामियाताने ते फडके मुठीत घट्ट धरले. तेवढ्यात कुन्झ म्हणाला, "मळकं फडकं ओल्या कागदावर टाकलं तर मळ कागदावर उतरतो. फादर, आमच्याकडे कपड्यापेक्षा कागद साफ लागतो. माझ्याकडे बघा ना."

कुन्झचा शाईने माखलेला सदरा पाहून कारकून हसला आणि लगेच गप्प झाला.

"हा कागद शुक्रवारी ओला केला," दामियाता म्हणाली. "शनिवारी छापण्यासाठी. ओला कागद थांबत नाही. शनिवार पाळायचा असता तर शुक्रवारी मी अडीचशे ताव कुजवायला कशाला घातले असते?"

"कदाचित रविवारी ओला केला असेल. कोणी पाहिलं?"

"ब्रिगिदानं."

"अहो बाई!" कुन्झ कळवळला. "ती? सगळं तिच्याच जिभेनं झालं ना!"

शिपायाने ब्रिगिदाला आणले. हाताला पीठ तसेच होते. फादरनी विचारले, "गेल्या शुक्रवारी तुम्ही या बाईला पाहिलंत?"

"पाहिलं नाही, फादर, भोगलं!" ब्रिगिदा सुरू झाली. "तीन बादल्या! मी मागे घागर घेऊन उभी. माझा नवरा दारात, घंटा होऊन गेलेली—"

"कोणती घंटा?"

"आवे मारियाची. तिच्यानंतरच तर तो निघतो."

फादर तिच्याजवळ गेले आणि आणखी हळू आवाजात म्हणाले, "नीट आठवा. घंटेच्या आधी असेल. शुक्रवारी सूर्य मावळण्याआधी सगळी कामं उरकून घेणारे लोक असतात. तुम्हांला या घराचा त्रास आहे, हे मला ठाऊक आहे. हा आवाज कायमचा बंद होऊ शकतो."

ब्रिगिदाने दाराबाहेरच्या शिपायांकडे पाहिले. दामियाताच्या अंगावरची शाल पाहिली. मला वाटते, भट्टीवर आपण काय बोललो आणि ते कुठे पोचले, हे तिला त्या क्षणी कळले. तिच्या गालांवरचा रंग उतरला. एक शब्द, "आधी" एवढा एकच शब्द, आणि तिच्या नवऱ्याला जन्मभराची झोप मिळणार होती.

"फादर," ती म्हणाली, "मी भांडकुदळ आहे, सगळी गल्ली सांगेल. पण भांडण कधी झालं ते मी विसरत नाही. घंटेनंतर. अंधार पडत होता. आणि ही बया बादल्या ओढत होती."

कारकुनाची लेखणी थांबली. फादर उगेत गठ्ठ्याकडे वळले. त्यांच्याच यादीत लिहिले होते की शनिवार पाळणारा शुक्रवारी दिवस मावळल्यावर कामाला हात लावत नाही. आपल्याच यादीला ते खोटे कसे पाडणार?

"ठीक आहे," ते म्हणाले. जाता जाता माझ्याजवळ थांबले. "दोन वर्षं गल्लीला छळताय. याला तेल का नाही घातलं?"



"हेच मी दर शनिवारी विचारते!" ब्रिगिदा म्हणाली.

"तेल नको," फादर म्हणाले. "चरबी आहे कोणाकडे? डुकराची?"

ब्रिगिदा घरातून मडके घेऊन आली. कुन्झने हात पुढे केला, तर फादरनी मान हलवली. "तुम्ही नाही. बाई लावतील."

दामियाताने बाह्या वर केल्या, मडक्यात हात घातला आणि माझ्या मळसूत्राला वरपासून खालपर्यंत चरबी चोळली. प्रत्येक आट्यात बोट घातले. फादर तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. तिच्या चेहऱ्यावर काही दिसले नाही. दोन वर्षांच्या तहानेनंतर माझ्या अंगाला ओल लागत होती. मला सुख वाटले, आणि त्या सुखाची मला लाज वाटली.

कुन्झने दांडा ओढला. मळसूत्र गुपचूप खाली आले आणि गुपचूप वर गेले.

"झालं," फादर म्हणाले. "आता सगळे झोपा." आणि आणखी एकदा शिंकून ते शिपायांसह निघून गेले.

दामियाता अंगणात गेली आणि घासघासून हात धुऊ लागली. ती परत आली तेव्हा बोटे लाल झाली होती.

दोन दिवसांनी पुन्हा शुक्रवार आला. घंटा व्हायच्या बऱ्याच आधी कोणीतरी दाराशी काहीतरी ठेवले. कुन्झने पाहिले, तर काठोकाठ भरलेल्या तीन बादल्या. ब्रिगिदा पाठमोरी चालली होती. मागे न बघताच म्हणाली, "विहिरीवर तुझ्याशी भांडायला मला वेळ नाही, म्हणून भरून ठेवल्या. दर शुक्रवारी ठेवीन. उपकार मानू नकोस."

मित्रांनो, माझ्यासारख्यांना बोलता येत नाही, म्हणून तुम्हांला एक विनंती करतो. तुमच्या घरच्या यंत्रांना वेळेवर तेल द्या. कोरडे घासत ठेवून त्यांना ओरडायला लावू नका. आणि ज्या माणसाला आपला जीव वाचवायला आवाज करत राहावा लागतो, त्याच्या भिंतीवर लाटणे आपटण्याआधी घटकाभर थांबा.

दामियाता म्हातारी होऊन आपल्या अंथरुणात मरण पावली. आमच्या गल्लीत त्या काळी हे सगळ्यांच्या नशिबी नव्हते. तोवर आम्ही पुष्कळ पुस्तके छापली. सोमवारी छापली, मंगळवारी छापली, आणि गल्लीला त्याचा पत्ताही लागला नाही.

आणि शनिवारी? शुक्रवारी घंटा झाल्यावर त्या बादल्यांतले पाणी कागदावर पडे का? दुसऱ्या दिवशी माझा दांडा फिरे का, की पांढरे फडके अंथरलेल्या मेजाशी कोणी नुसते शांत बसून राही? बाहेरून कोणालाच ते सांगता आले नसते. मला ठाऊक आहे. पण फादर उगेत यांनी स्वतः उभे राहून मला चरबी लावून घेतली आहे, आणि तेव्हापासून माझा आवाज येत नाही.